चित्र म्हणजे सजावट नाही, अर्धी गोष्ट असते : पिंगुळीच्या गोठ्यातलं संग्रहालय नेमकं काय करतं?

नाशिकला पाहुणे आले की पंचवटीची फेरी ठरलेली असते. रामकुंड, काळाराम मंदिर, सीता गुंफा, मग तपोवन. सोबतचा गाईड हाताने जागा दाखवतो आणि सांगतो, इथे सीता राहायची, तिकडे लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं. जागा डोळ्यांसमोर असते, म्हणून गोष्ट पटकन डोक्यात बसते.

पण ज्या गावात पंचवटी नाही, तिथे काय करायचं?

कोकणातल्या ठाकर आदिवासी कलाकारांकडे याचं उत्तर होतं. रामायणातले प्रसंग कागदावर काढायचे, एकेक चित्र लोकांसमोर धरायचं आणि गोष्ट गाऊन सांगायची. या कलेचं नाव चित्रकथी. ती आजही शिकायला, बघायला मिळते याचं मोठं श्रेय सिंधुदुर्गातल्या एका गोठ्याला जातं. हो, गुरांच्या गोठ्याला.

आधी एक शब्द : सजावट

घरात एखादा जुना दिवाळी अंक असेल तर त्यातलं श्रेयनामाचं पान उघडा. लेखकाचं नाव ठळक दिसेल. चित्रकाराचं नाव बहुतेकदा 'मुखपृष्ठ' किंवा 'सजावट' या शब्दापुढे सापडेल. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराने १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला आणि लोक चित्रांसाठीही अंक विकत घेऊ लागले. तरी 'सजावट' हा शब्द काही गेला नाही.

या शब्दात एक गृहीत धरलेली गोष्ट लपली आहे. मजकूर म्हणजे जेवण आणि चित्र म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. चित्रकथीत हा हिशोबच चालत नाही, कारण तिथे चित्र उचललं नाही तर गोष्ट पुढे सरकतच नाही.

चित्रकथी म्हणजे काय?

हे नाव चित्रांचं आहे, ती दाखवून कथा सांगणाऱ्यांचंही आहे. परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो.

महाराष्ट्रात या चित्रांच्या दोन शैली प्रसिद्ध आहेत, पैठणची आणि पिंगुळीची. पैठण शैलीची जुनी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. पिंगुळीत मात्र ही कला संग्रहालयाच्या काचेआड गेली नाही, ती माणसांच्या हातात राहिली.

पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळला लागून असलेलं गाव. राऊळ महाराजांच्या मठामुळेही ते अनेकांना माहीत असतं. इथल्या ठाकर समाजाला सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा आश्रय होता. गावोगावच्या देवळांत जाऊन कथा सांगणं हे त्यांचं काम. शिवाजी महाराजांच्या काळात हेच कलाकार गावोगाव फिरत हेरगिरीही करायचे, असं हा समाज पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे.

प्रयोग असा चालतो. एका कथेच्या सगळ्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे 'पोथी'. एका पोथीत साधारण ३० ते ५० चित्रं असतात. एकेक चित्र वहीच्या दोन पानांएवढं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे कागद उलटला की पुढचा प्रसंग तयार. सुरुवात गणपती आणि सरस्वतीच्या चित्राने होते. कथा सांगणारा गातो, मध्येच संवाद म्हणतो, साथीला टाळ आणि हुडुक हे डमरूसारखं वाद्य असतं. कथा रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या.

चित्रांत मोठे डोळे, ठसठशीत बाह्यरेषा, भडक रंग आणि मागे फारच थोडा तपशील दिसतो. आजच्या भाषेत सांगायचं तर रीलची थंबनेल जशी एका नजरेत कळावी लागते, तसंच हे. देवळातल्या मिणमिणत्या उजेडात, मागच्या रांगेत बसलेल्या माणसालाही राम कोण आणि रावण कोण हे कळलं पाहिजे.

ठाकर कलाकारांकडे चित्रांखेरीज लाकडी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. म्हणजे गोष्ट तीच, पण ती कधी कागदावर, कधी दोरीवर आणि कधी पडद्यामागे.

मग अडचण कुठे झाली?

संस्थानं गेली, राजाश्रय गेला. सिनेमा आला, मग टीव्ही आला. देवळातल्या कथेला गर्दी होईना आणि बिदागीवर घर चालेना. जुन्या पोथ्या वापरात राहिल्या, पण नवी चित्रं काढणं जवळपास थांबलं. काही पोथ्या घराबाहेर गेल्या आणि संग्राहकांकडे पोचल्या. दिग्दर्शक मणी कौल यांनी १९७७ मध्ये 'चित्रकथी' नावाचा माहितीपट केला, त्यामुळे बाहेरच्या जगाला ही कला दिसली. पण पाहणारे वाढले तरी काढणारे आपोआप वाढत नाहीत.

गोठ्याचं संग्रहालय

पिंगुळीचे परशुराम आत्माराम गंगावणे हे याच परंपरेतले कलाकार. चार दशकांहून जास्त काळ ते चित्रकथी आणि बाहुल्यांचे प्रयोग करत राहिले. २००६ मध्ये त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय सुरू केलं. नाव, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि राज्यभर लोकांनी 'पिंगुळी कुठे आहे?' हे शोधलं.

इथे जुनी चित्रं आणि बाहुल्या बघता येतात. त्यासोबत प्रयोग होतात, विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा होतात आणि बाहेरून आलेल्यांना मुक्कामही करता येतो. म्हणजे प्रदर्शन, कार्यशाळा आणि निवास, तिन्ही गोष्टी एकाच अंगणात.

जगात या कामासाठी मोठ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. रोआल्ड डालच्या पुस्तकांची चित्रं काढणारे क्वेंटिन ब्लेक यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये 'हाउस ऑफ इलस्ट्रेशन' ही धर्मादाय संस्था स्थापन झाली. २०१४ मध्ये तिचं लंडनमधलं दालन उघडलं आणि आज ती ब्लेक यांच्याच नावाने ओळखली जाते. कथाचित्र ही स्वतंत्र कला आहे, हे लोकांना दाखवायचं आणि शिकवायचं, एवढंच तिचं काम. पिंगुळीत तेच काम एका कुटुंबाने घराच्या आवारात सुरू केलं.

तिन्ही गोष्टी का लागतात?

याचं उत्तर नाशिककरांच्या अगदी जवळ आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागात वारली समाज राहतो. वारली चित्र मुळात लग्नाचा विधी आहे. घराच्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरी लग्नाची गाणी गाते. चित्र आणि गाणं वेगळं काढताच येत नाही.

आता तुमच्या घरातला वारलीचा मग किंवा कुर्ता आठवा. त्यावर तारपा नाच आहे, पण गाणं नाही, देवी नाही आणि काढणाऱ्याचं नावही नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नक्कल थांबलेली नाही. गोष्टीपासून तुटलं की चित्राचं 'डिझाइन' होतं आणि डिझाइन कुणीही उचलून छापतं.

म्हणूनच फक्त प्रदर्शन पुरत नाही, कारण त्यात चित्र टिकतं पण गाणं जातं. फक्त कार्यशाळाही पुरत नाही, कारण दोन तासांत मोठे डोळे काढता येतात, पण कोणत्या प्रसंगाला चित्र उलटायचं हे कळत नाही. ते कळायला कलाकारासोबत राहावं लागतं. त्यासाठीच निवास असतो.

निवासाची दुसरी बाजू

'आर्टिस्ट रेसिडेन्सी' हा शब्द ऐकायला छान वाटतो. कलाकाराला जागा, वेळ आणि साहित्य द्यायचं, त्याने निवांत काम करायचं. जपानमधल्या निगाता प्रांतातलं मिथिला म्युझियम भारतीय लोककलाकारांना असंच बोलवत आलं आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्यासह वारली चित्रकारांची कामं तिथे आहेत.

पण याच संग्रहालयात मुक्कामाला असताना २००१ मध्ये मध्य प्रदेशातले नामवंत गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी आत्महत्या केली. त्यानंतर भारतातल्या कलाकारांनी काही साधे पण महत्त्वाचे प्रश्न विचारले. कलाकाराशी करार कोणत्या भाषेत होतो? मानधन किती? मुदत कोण ठरवतं? काढलेली चित्रं कुणाच्या मालकीची? घरी जावंसं वाटलं तर जाता येतं का?

कलाकाराला बोलावणाऱ्या प्रत्येक संस्थेला आजही हेच प्रश्न विचारायला हवेत. पिंगुळीचा फरक इथे लक्षात येतो. तिथे कलाकार स्वतःच्या घरात असतो आणि शिकणारा पाहुणा होऊन येतो.

तुम्ही काय करू शकता?

- जाऊन बघा. कोकण रेल्वेचं कुडाळ स्टेशन पिंगुळीला सगळ्यात जवळचं. नाशिकहून पनवेल गाठून कोकण रेल्वे पकडता येते किंवा पुणे-कोल्हापूरमार्गे रस्त्याने जाता येतं. अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त, त्यामुळे मालवण-गोव्याच्या ट्रिपमध्येच एक दिवस काढा. प्रयोग बघायचा असेल तर आधी संपर्क करून ठेवा.
- चित्र घेताना कथा विचारा. हा प्रसंग कोणता, आधी काय झालं, पुढे काय होतं? कलाकाराचं नाव चित्रामागे लिहून घ्या.
- शेअर करताना नाव टाका. 'ट्रायबल आर्ट' एवढंच लिहू नका. कला, गाव आणि कलाकार, तिन्हींची नावं द्या.
- कार्यशाळा ठेवत असाल तर कलाकाराला अर्धा वेळ चित्र शिकवू द्या आणि अर्धा वेळ गोष्ट सांगू द्या. मानधन आधी ठरवा.

आणि पुढच्या वेळी पंचवटीत गाईड गोष्ट सांगत असेल, तर सोबतच्या लहान मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या. त्याला शूर्पणखा कशी दिसते ते काढू द्या आणि मग त्याच चित्रावर बोट ठेवून त्यालाच गोष्ट सांगायला लावा. चित्रकथीची सुरुवात एवढ्यानेच होते.