मालपुवा

मालपुवा हा भारत, नेपाळ, पाकिस्तान व बांगलादेशात प्रचलित असलेला गोड, तळीव खाद्यपदार्थ आहे. ‘पुवा’ हा शब्द संस्कृत ‘अपूप’ या शब्दापासून आला असून ऋग्वेदात तूपयुक्त अपूपाचा उल्लेख आढळतो. अधिक मासात 33 अपूपांचे दान सांगितले आहे; महाराष्ट्रात त्याऐवजी जावयाला अनारसे देण्याची प्रथा आहे.

== कृती ==
मैदा किंवा कणीक, दूध, बडीशेप व वेलची यांचे सरसरीत पीठ भिजवून ते पसरट कढईतील तुपात पळीने सोडतात. कडा कुरकुरीत व मध्य मऊ राहणे ही उत्तम मालपुव्याची खूण मानली जाते. तळल्यावर तो साखरेच्या पाकात बुडवतात.

== प्रादेशिक प्रकार ==
* बिहारमध्ये होळीसाठी पिठात पिकलेले केळे कुस्करून घालतात.
* राजस्थानातील पुष्कर येथे तो रबडीसह विकला जातो.
* पुरीच्या जगन्नाथ मंदिरात ‘अमालू’ या नावाने त्याचा नैवेद्य असतो.
* मुंबईत रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या परिसरातील ठेल्यांवर अंडी घातलेला, मोठ्या आकाराचा मालपुवा गिऱ्हाइकासमोर तळून मिळतो. रोजा सोडून आलेल्यांबरोबरच अन्यधर्मीय खवय्येही तेथे गर्दी करतात.