पुण्याची रहदारी आणि कामगाराचा वेळ



इतिहासावर बोलणाराने निदान एखादी पदवी तरी घेतलेली असावी, अशी आपल्या गावची रीत आहे. माझ्याजवळ ती नाही. दहावीनंतर शाळा सुटली. १९८८ साली भोसरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि पुढे युनियनच्या कामात पडल्यावर कायद्याची व इतिहासाची पुस्तके गरजेपोटी वाचावी लागली. तेव्हा आज मी जो इतिहास सांगणार आहे, तो बखरीतला नाही. तो रस्त्यावरचा आहे. पुण्यातला माणूस सकाळी कामावर कसा जात होता आणि संध्याकाळी घरी कसा परत येत होता, एवढीच माझी चौकशी. तीत पेशवे नाहीत, लढाया नाहीत. पण माणसे मात्र पुष्कळ पडली आहेत.

या शहराच्या रहदारीचे कोडे सोडवावयाचे तर प्रथम नदी पाहावी. पेठा वसल्या मुठेच्या एका काठी. त्यांचे रस्ते झाले पालखीच्या, घोड्याच्या आणि बैलगाडीच्या रुंदीचे. इंग्रजांनी छावणी टाकली पूर्वेला, आणि खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला तो मुठेच्या पलीकडे, उत्तरेला. म्हणजे घर एका काठी आणि पोट दुसऱ्या काठी, ही व्यवस्था मोटार येण्याच्या आधीच ठरून गेली होती. अशा गावात पूल म्हणजे बाटलीचा गळा. बाटली कितीही मोठी करा, पाणी गळ्याएवढेच बाहेर पडते. आपण ज्याला शिवाजी पूल किंवा नवा पूल म्हणतो तो १९२३ चा. शंभर वर्षे उलटली, तरी त्याचे ‘नवा’ हे नाव सुटले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पूल म्हणजे काय वस्तू आहे हे पुणेकरांना एका दिवसात कळले. अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे. माझे वडील खडकीला कामाला होते. त्या दिवशी घरचे जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांना रात्र उलटून जाईपर्यंत कळले नव्हते, असे ते सांगत.

त्याच्या अकरा वर्षे आधी, १९५० साली, पुण्यात एक फार मोठी गोष्ट घडली होती, आणि तिचा म्हणावा तसा गौरव अजून कोणी केलेला नाही. त्या साली पुण्याची महानगरपालिका झाली, आणि तोवर सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खाजगी कंपनीकडे असलेली शहरातली बस पालिकेने आपल्या हाती घेतली. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट यांच्या पंक्तीला वाहतूक जाऊन बसली. माणसाला कामावर पोहोचविणे हा धंदा नसून गावाची जबाबदारी आहे, असा त्या निर्णयाचा अर्थ होता. १९५१ च्या शिरगणतीत पुणे शहराची वस्ती पाच लाखांच्या आतच होती. एवढ्या गावाला बस पुरविणे अवघड नव्हते. आणि जी कमतरता राहिली ती सायकलीने भरून काढली.

सायकलींचे शहर म्हणून पुण्याची कीर्ती होती, हे येथील वडीलधाऱ्यांना मी सांगावयास नको. सायकलीला पालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला की चौकात पोलीस हवा सोडी. डबलसीट बसलेल्यांना दंड होई. आज हे हसण्यावारी जाते. परंतु लक्षात घ्या, ज्या वाहनाने कोणाचा जीव घेतला नाही त्याच्यावर एवढे कायदे होते! खडकीचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, तो मी लहानपणी वडिलांच्या डब्याची वाट पाहत पाहिला आहे. (डब्यात उरलेली अर्धी पोळी माझी असे.) शेकडो माणसे काही मिनिटांत त्या रस्त्यावरून निघून जात, आणि रस्ता पुन्हा मोकळा.

मग घोडे कोठे पेंड खाल्ले? तर कारखाने नदीपलीकडे, आणि तेही दहा-पंधरा मैलांवर गेले. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी हा सगळा माळ कारखान्यांनी भरून गेला. १९८२ साली तेथे वेगळी महानगरपालिका झाली. आता पाहा गंमत. माणसे एकाच मुलखात राहत आणि राबत होती, पण त्यांची बस दोन संस्थांची. पुण्याची पी. एम. टी. आणि पिंपरीची पी. सी. एम. टी. या दोन चुली एक व्हावयास २००७ साल उजाडावे लागले. मधल्या पंचवीस वर्षांत कामगाराने वाट पाहिली नाही. त्याने स्कूटर घेतली.

स्कूटर ही पुण्याची चैन होती, असे कोणी म्हणाले तर मला राग येतो. १९७२ साली बजाजची चेतक निघाली, त्याच साली कायनेटिकची लुना निघाली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, हे खरे. तिच्या पायी लग्ने जुळली आणि मोडली, हेही खरे. पण सकाळी सातच्या पाळीला हजर व्हावयाचे आहे, बस साडेसहाला येणार की सातला हे कोणी सांगू शकत नाही, आणि दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो, अशा माणसाला त्या दोन चाकांनी पहाटेची अर्धा तास झोप परत दिली. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगाराने रक्त सांडले. परंतु घरापासून फाटकापर्यंतचे दोन-तीन तास कोणाच्या हिशेबात धरावयाचे, हे आम्ही कधी विचारलेच नाही. रहदारीची कोंडी म्हणजे कामगाराच्या अंगावर टाकलेला बिनपगारी ओव्हरटाइम होय. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ज्या तऱ्हेने कळली ते सांगावयास जड जाते.

१९९४ साली आमच्या कारखान्यात करार झाला. कारखान्याचे नाव घेत नाही. तोवर कामगारांसाठी कंपनीच्या चार बस होत्या. आमच्या युनियनने दुचाकीसाठी बिनव्याजी कर्जाची मागणी केली होती. व्यवस्थापनाने ती फारशी घासाघीस न करता मान्य केली, तेव्हाच आम्ही सावध व्हावयास हवे होते. त्यांनी बदल्यात एकच मागितले : बस बंद. आम्ही सही केली. पेढे वाटले. माझ्या गळ्यात हार होता.

पुढच्या तीन वर्षांत आमचे पाच जण मुंबई-पुणे रस्त्यावर पडले. त्यांतला एक जण रात्रपाळी करून दापोडीच्या पुलाकडे येताना गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या बायकोला घेऊन मी राज्य विमा योजनेकडे धाव घेतली. उत्तर मिळाले की हा अपघात नोकरीतला नाही, रस्त्यावरचा आहे. मी कायदा उघडला तो त्या दिवशी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच एक दावा फेटाळला होता. तो केरळातला कामगार सायकलवरून दुपारपाळीला निघाला होता. पाळीला पंधरा मिनिटे होती, कारखाना एक किलोमीटरवर होता, आणि त्याला धडकली ती लॉरी त्याच्याच मालकाची होती. तरीही न्यायालयाने म्हटले, नोकरीतली इजा नव्हे. फाटकाच्या आत पाय पडेपर्यंत तो कोणाचाच कामगार नव्हता. हा कायदा बदलला २०१० साली. विमा कायद्यात ५१-ई हे कलम घातले गेले, आणि घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघात, त्याचा वेळेशी, जागेशी व नोकरीशी संबंध जुळत असेल तर, नोकरीतलाच धरावा असे ठरले. आमच्या त्या बाईला त्याचा उपयोग नव्हता.

असो. शहराने या काळात काय केले, ते पाहू. शहराने रस्ते रुंद केले आणि उड्डाणपूल बांधले. आपण म्हणाल, मग काय चुकले? गाड्या वाढल्या तर रस्ता नको वाढायला? अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शहरातला जलद मार्ग रुंद केला की ऐन गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. कारण जे लोक आधी दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळेला किंवा बसने जात, ते सारे त्या रुंद रस्त्यावर येतात. आपल्याला हे अमेरिकेहून शिकावयास नको होते. विद्यापीठ चौकात उड्डाणपूल बांधले, आणि २०२० साली आपल्याच हाताने पाडले, कारण मेट्रोच्या खांबांना ते आड येत होते. चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरुंग लावून उडविला, तो पाहावयास तर पुणेकर मध्यरात्री जत्रेसारखे जमले होते. पूल पाडणे वाईट, असे मी म्हणत नाही. परंतु पंधरा वर्षांपलीकडचे ज्याला दिसत नाही, त्याने पंधरा कोटींच्या सिमेंटला हात घालू नये.

एक साधा हिशेब मांडतो. बारा मीटर लांब, अडीच मीटर रुंद अशी बस रस्त्यावर तीस चौरस मीटर जागा अडवते. तीत साठ माणसे असली तर माणशी अर्धा मीटर. उभी दुचाकी दीड चौरस मीटर घेते, बहुधा एका माणसासाठी. मोटारगाडी सात चौरस मीटर, आणि तीतही पुष्कळदा एकटा साहेब. केंद्र सरकारने २००६ साली शहरी वाहतुकीचे राष्ट्रीय धोरण काढले. त्याचे सार हेच होते की माणसे हलवावयाची आहेत, वाहने नव्हेत. धोरण उत्तम होते. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आखली गेली. हिंदुस्थानातला हा पहिला प्रयोग, अहमदाबादच्याही आधीचा.

तो फसला, असे सर्रास म्हणतात. तो फसला नाही, तो अर्धवट केला. मार्गिका मध्येच तुटत होती. चौकात, म्हणजे जेथे खरी कोंडी तेथेच, बस पुन्हा इतरांच्या गर्दीत सोडली जात होती. थांब्यावर पोहोचावयास म्हाताऱ्या माणसाने भर रहदारीतून जीव मुठीत धरून धावावयाचे. आणि मार्गिकेत घुसणाऱ्या मोटारींना अडविणारे कोणी नाही. चालकांच्या बैठकीत एक जण मला म्हणाला, “साहेब, आमच्यासाठी रस्ता ठेवलाय असं सगळे म्हणतात, पण त्या रस्त्यावर आम्ही सोडून सगळे असतात.” याहून चांगला अहवाल कोणत्याही सल्लागार कंपनीने दिलेला नाही. २०१५ साली संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत हे मार्ग अधिक शहाणपणाने केले गेले. उलट २०२३ साली नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग कोंडी होते म्हणून उखडून टाकला. कोंडी मोटारींची, आणि काढली काय, तर बसची वाट!

मेट्रो आली. ६ मार्च २०२२ रोजी तिचे पहिले दोन तुकडे सुरू झाले आणि २०२४ च्या सप्टेंबरात ती भुयारातून स्वारगेटला पोहोचली. मी तिच्यातून आनंदाने फिरतो. मुठेखालून जाताना पानशेतची आठवणही येते. पण मेट्रो स्टेशनावर सोडते, फाटकावर नाही. शेवटचे दोन मैल बसचेच आहेत.

दुसरी एक गोष्ट आपल्या लक्षात यावयास हवी होती, ती विजेची. आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी का? वीज पुरेना म्हणून वेगवेगळ्या भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले. रविवार सोडावा लागला. पोरे घरी आणि बाप कामावर, असे संसार त्या गुरुवारावर चालले. विजेच्या तारेवरचा भार वाटून घ्यावा, हे सरकारला सुचले. रस्त्यावरचा भारही तसाच वाटता येतो. पाळ्यांच्या वेळा शेजारच्या कारखान्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने मागेपुढे केल्या तर पैचा खर्च नाही. मी ही सूचना दोनदा लेखी दिली आहे. दोन्ही पोच पावत्या माझ्यापाशी आहेत.

२०१८ साली आपल्या पालिकेच्याच अहवालात नोंद झाली की पुण्यात माणसे सुमारे पस्तीस लाख आणि नोंदलेली वाहने छत्तीस लाखांवर. तान्हे मूल धरून प्रत्येकाला एक वाहन. ११ डिसेंबर २०२१ रोजी एक दिवस लक्ष्मी रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला होता. मी बायकोला घेऊन मुद्दाम गेलो. चाळीस वर्षांत प्रथमच तिने दुकानांच्या पाट्या मान वर करून वाचल्या.

गेल्या करारात मी जुनी चूक दुरुस्त करावयास निघालो. मागणीपत्रात कंपनीची बस पुन्हा सुरू करावी हे कलम घातले. व्यवस्थापनाने दोन पर्याय समोर ठेवले : बस, नाहीतर महिन्याला पेट्रोलभत्ता. सभा घेतली, तासभर बोललो, वर सांगितलेला सव्वीस वर्षांच्या मुलाचा प्रसंग सांगितला. मग हात वर करावयास सांगितले. भत्त्याला एकशे बारा, बसला एकतीस. पोरे म्हणाली, काका, बस गेली की गेली, गाडी आपली असते. मी लोकशाही मानणारा माणूस; सही केली. फक्त एक गोष्ट त्या संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या ध्यानात आली. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या चाळीसेक बाया त्या सभेला नव्हत्या, कारण त्या आमच्या सभासद नाहीत. त्यांना भत्ताही लागू नाही. त्या पहाटे साडेपाचला मोशीच्या नाक्यावर शेअर रिक्षाची वाट पाहत उभ्या असतात, आणि त्यांना कोणते हवे होते हे आम्ही विचारले नव्हते. आता विचारावयास सुरुवात केली आहे.