आडव्या सायकलची मोटर: ठेवू की काढू?

रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची आडवी सायकल. माझ्या रिकम्बंटच्या मागच्या चाकात हब मोटर आहे आणि ती ठेवायची की काढायची हा प्रश्न सध्या डोक्यात घोळतोय. नुसते आकडे वाचून उत्तर मिळेना, म्हणून इतिहास वाचायला घेतला आणि त्यातच रमलो :)

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. शार्ल मोशे नावाच्या गृहस्थाने मुलासाठी, जॉर्जसाठी, चार चाकांची पेडलवाली गाडी बनवली. तिची पुढे 'व्हेलोकार' झाली आणि तिच्यातूनच दोन चाकांची आडवी सायकल निघाली. ७ जुलै १९३३ ला फ्रान्सिस फोरने (हा काही पहिल्या फळीतला रेसर नव्हे) तिच्यावर बसून तासाभरात ४५.०५५ किमी कापले. ऑस्कर एगचा ४४.२४७ किमीचा विक्रम १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता. झालं! सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३४ मध्ये रेसच्या सायकलची व्याख्याच अशी केली, की ही सायकल त्यात बसेना. इंजिन नाही, कवच नाही, सगळा जोर माणसाचा, तरी बाहेर. मोशेही त्याच वर्षी वारला.

फोर जिंकला तो हवेमुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यासाठी लागणारी पॉवर घनाने. आडवं बसलं की अंग हवेला कमी अडतं. म्हणजे रिकम्बंटची खरी मजा २५-३० किमीच्या वर. चढावर मात्र तिचे हाल! उभं राहून पेडलवर वजन टाकता येत नाही आणि वेग फार उतरला की तोल सांभाळणं कठीण.

आता गंमत बघा. युरोपात मोटरवाली सायकल 'सायकल' म्हणून चालवायची तर २५० वॅट आणि २५ किमीची मर्यादा. आपल्याकडेही २५० वॅटपेक्षा कमी, २५ किमीपेक्षा कमी, शिवाय वजनाची अट. यात बसलात तर लायसन्सची भानगड नाही. म्हणजे रिकम्बंट जिथे रंगात येते, नेमकी तिथे मोटर बंद! उरतो तो चढ.

आणि चढावर काय होतं ते सर क्लाइव्ह सिंक्लेअरने जगाला दाखवून दिलं. १० जानेवारी १९८५ ला त्याने सी-५ आणली. तीन चाकं, आडवी बैठक, २५० वॅटची मोटर, किंमत ३९९ पौंड. (मोटर वॉशिंग मशीनची होती ही अफवा. कारखाना मात्र खरंच हूवरचा.) गिअर नाहीत, पेडलचं अंतर बदलता येत नाही. लांब चढ आला की मोटर तापायची, आणि पेडल मारून गाडी वर नेणं महाकठीण. ऑगस्ट १९८५ मध्ये उत्पादन बंद.

सी-५ ची मोटर हबमधली नव्हती, पण दुखणं तेच. हब मोटरचं पहिलं पेटंट ऑग्डेन बोल्टन या अमेरिकनाचं, ३१ डिसेंबर १८९५ चं. मागच्या चाकात १० व्होल्टची मोटर, गिअर नाहीत. चाक जितकं फिरणार तितकीच मोटर फिरणार. म्हणजे चढावर चाक हळू, मोटर हळू, करंट जास्त आणि बरीच वीज उष्णतेत. माझी मोटर याच घराण्यातली, बिनगिअरची. वरून सपाटीवर बंद असली तरी आतले चुंबक चाकाला थोडं ओढून धरतात. जिथे उपयोग व्हावा तिथे कमजोर, जिथे नको तिथे ओझं.

तेव्हा ही काढणार. पण मोटर नकोच, असं मात्र नाही. मला रोज घरी येताना एक चढ आहे, तिथे तोल जाण्यापेक्षा मदत घेतलेली बरी. आत गिअर असलेली छोटी हब मोटर मिळते. तिची मोटर चाकापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरते, आणि बंद केली की आतल्या फ्रीव्हीलमुळे चाक मोकळं. ती बसवेन.

थ्रॉटल मात्र लावणार नाही, पेडल मारलं तरच मदत. त्याचं कारण जॉर्ज मोशे. बापाच्या व्हेलोकारचा वारसा त्याने चालवला आणि तिला छोटं इंजिन लावलं. १९५० च्या दशकात तिची १२५ सीसीची चिमुकली मोटारगाडी झाली होती, आणि तिला पेडलच नव्हती.