बदल-आदेश, बांधकामातील
बांधकामाचा करार झाल्यानंतर कामाचे स्वरूप, परिमाण किंवा दर्जा यांत फेरफार करण्यासाठी मालक अथवा त्याचा अभियंता कंत्राटदारास जो लेखी आदेश देतो, त्यास ‘बदल-आदेश’ म्हणतात. पायात अनपेक्षित खडक लागणे, आराखड्यातील त्रुटी व मालकाची नवी गरज ही त्याची नेहमीची कारणे होत. बदलाच्या खर्चात वाढीव सामग्री व मजुरीबरोबरच झालेले काम पाडणे, अडून राहिलेली यंत्रसामग्री व लांबलेली मुदत यांचाही समावेश होतो.

भारतात सार्वजनिक बांधकाम खात्याची स्थापना १८५४ मध्ये झाली. खात्याच्या कार्यपद्धतीत मोजमाप पुस्तक हा देयकांचा मूळ आधार ठरला. त्यातील नोंद खरवडून वा पुसून काढण्यास मनाई असते. चूक रेघ मारून व स्वाक्षरी करूनच दुरुस्त करावी लागते. निविदेत नसलेल्या ‘जादा बाबी’चा दर स्वतंत्रपणे मंजूर करून घ्यावा लागतो. सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिडिक) १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुना करारशर्तींतही बदलांची व त्यांच्या मूल्यनिर्धारणाची तरतूद होती.

बदलांचा खर्च किती वाढू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिडनी ऑपेरा हाउस. यर्न उट्सन या डॅनिश वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा १९५७ मध्ये निवडला गेला आणि तपशील पुरे होण्यापूर्वीच १९५९ मध्ये बांधकाम सुरू झाले. छताचा भार पेलण्यास अपुरे ठरलेले स्तंभ पुन्हा बांधावे लागले. उट्सन यांच्या राजीनाम्यानंतर (१९६६) मोठ्या सभागृहाचा उपयोग बदलला व तेथे बसविलेली रंगमंच-यंत्रणा काढून टाकावी लागली. सु. ७० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरचा मूळ अंदाज १९७३ पर्यंत १० कोटी २० लक्षांवर गेला. छताच्या कवचांचे गणित करण्यास संगणक वापरण्यात आले होते; परंतु जो आराखडाच अनिर्णीत, त्याचा खर्च कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही.

कामाच्या नियोजनात संगणकाचा प्रवेश १९५७ च्या सुमारास झाला. ड्यू पाँट व रेमिंग्टन रँड या अमेरिकन कंपन्यांनी निर्णायक मार्ग पद्धती विकसित केली. तिच्यामुळे एका कामातील बदलाचा संपूर्ण मुदतीवरील परिणाम काढता येऊ लागला. व्हिजिकॅल्क या कोष्टक-आज्ञावलीने (१९७९) खर्चाची फेरमांडणी सुलभ केली. १९८३ मध्ये प्रिमाव्हेरा ही नियोजनाच्या आज्ञावली तयार करणारी कंपनी स्थापन झाली. पुढे इमारतीच्या त्रिमितीय प्रतिमानावरून बदललेली परिमाणे थेट काढण्याच्या पद्धती प्रचारात आल्या.

अशा आज्ञावलीत प्रत्येक बदलास क्रमांक देऊन त्याचे कारण, नकाशा, दर, मुदतीवरील परिणाम व मंजुरी यांची नोंद होते. मूळ रक्कम, मंजूर बदल व प्रलंबित बदलांचा अंदाज यांची बेरीज म्हणजे अपेक्षित अंतिम खर्च. उदा., १ कोटी रुपयांच्या कामात ६ लक्षांचे बदल मंजूर व ९ लक्षांचे प्रलंबित असल्यास केवळ मंजूर बदल धरून खर्च १ कोटी ६ लक्ष दिसतो. प्रलंबित बदलही मंजूर झाल्यास तो १ कोटी १५ लक्ष होतो. हा फरक वेळीच दाखविणे हा या साधनांचा मुख्य उपयोग होय. कोणी, केव्हा व काय बदलले याचा माग त्यांत राहतो. मोजमाप पुस्तकाच्या जुन्या नियमाचेच हे नवे रूप म्हणता येईल.

तथापि तोंडी सूचनेवरून केलेले काम नोंदले न गेल्यास आज्ञावलीस ते अज्ञातच राहते. मग कंत्राटदाराचे पैसे अडकतात, मालकाचा अंदाज चुकतो आणि वाद लवादाकडे जातो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी लेखी आदेश व सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी यांचे महत्त्व संगणकाच्या युगातही कायम आहे.