गोदावरीचें पात्र व नौकायंत्राचा कोन

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीनें आंखून दिलेली आहे. अंबड, घनसावंगी व परतूर या तीन तालुक्यांतील कांठच्या गांवांचें शेत, पाणी, जत्रा व अंत्यसंस्कार सर्व या नदीशीं निगडित आहे. असें असतांही या भागांत नौकानयनाची परंपरा मोठी म्हणतां येत नाहीं. समुद्रकांठच्या आमच्या वसईकर बांधवांस होडी ही घरांतील वस्तूप्रमाणें परिचित. येथें मात्र ती पैलतीरास जाण्यापुरती. हें असें कां झालें, आणि नौकेच्या पाठीस लावावयाच्या एका लहानशा यंत्राचा व त्याच्या एका त्याहूनही लहान अवयवाचा या नदीशीं काय संबंध पोंचतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

प्रथम प्राचीन काळ पाहूं. गोदातीरींचें पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारग्रंथांत पैठणचा उल्लेख आहे. परंतु तेथील माल भडोच बंदरास गाड्यांतून व बिकट वाटांनीं जात असे, असें तो ग्रंथकार सांगतो. नावेचें नांवही तो काढीत नाहीं. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें गलबत कोरलेलें आहे खरें. पण तीं नाणीं पूर्वकिनाऱ्याकडील होत. राजा एकच, नदीही एकच. मुखाकडे गलबतें आणि उगमाकडे बैलगाड्या! कारण उघड आहे. दख्खनच्या पठारावर गोदावरी उन्हाळ्यांत आटते, पावसाळ्यांत खवळते, आणि तिच्या तळाशीं कोठें वाळू तर कोठें उघडा खडक आहे.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रज स्थापत्यविशारदांनीं या नदीस नमविण्याचा प्रयत्न केला. सर आर्थर कॉटन यांच्या पुढाकारानें धवळेश्वरम् येथील बंधारा १८५२ सालीं पूर्ण झाला. नागपूर व वऱ्हाडचा कापूस पाण्यावाटे पूर्वसमुद्रास न्यावा म्हणून वरच्या गोदावरींतील खडकाळ अडथळ्यांपाशीं कालवे व दरवाजे बांधण्याचें काम हातीं घेतलें गेलें. परंतु खर्च वाढत गेला, खडक हटेना. तोंवर आगगाडी वऱ्हाडांत येऊन पोंचली, आणि १८७१ सालीं ती योजना सोडून देण्यांत आली. नदीस नौकेजोगी करूं पाहणारांचा असा पराभव झाला. उरला तो दुसरा मार्ग, म्हणजे नौकेसच नदीजोगी करणें.

हा मार्ग आमच्या भोई बांधवांस पूर्वीपासून ठाऊक होता. त्यांची होडी उथळ बुडाची, आणि हातांत लांब बांबू. बांबू तळास टेंकला कीं किती पाणी आहे, खालीं चिखल आहे कीं दगड, हें त्यांच्या तळहातास तत्काळ कळे. होडी ढकलणारें साधन व खोलीची वार्ता आणणारें साधन हीं त्यांचीं दोन नव्हतींच. यंत्र आलें तेव्हां ढकलण्याचें बळ शतपट वाढलें. पण ती वार्ता मात्र हातांतून गेली.

हें यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटर. होडीच्या आंत न बसतां तिच्या मागील फळीवर बाहेरून टांगावयाचें इंजिन, असा तिचा अर्थ. १८८१ सालीं पॅरिस येथें गुस्ताव्ह त्रूव्हे यानें विजेवर चालणारी अशी मोटर सीन नदींत चालवून दाखविली. १९०५ च्या सुमारास अमेरिकेंत कॅमेरॉन वॉटरमन यानें पेट्रोलच्या इंजिनावर तोच प्रयोग केला. पुढें नॉर्वेंत जन्मलेला व लहानपणींच अमेरिकेंत गेलेला ओले एव्हिनरूड यानें मिल्वॉकी शहरीं १९०९ पासून अशा मोटरी विकण्यास आरंभ केला, आणि हें यंत्र सामान्य मनुष्याच्या आटोक्यांत आलें. जपानांतील यामाहा कंपनीची पहिली आउटबोर्ड मोटर १९६० सालची. एव्हिनरूडचें नांव मात्र ११ दशकें टिकून २०२० सालीं बाजारांतून गेलें.

टांगलेलें इंजिन उचलतां येतें, हा त्याचा उथळ नदीस अनुकूल असा मुख्य गुण होय. आरंभीं मोटरीचा कोन लोखंडी कंसाच्या भोंकांत खुंटी घालून ठरवीत. लहान मोटरींत आजही तीच रीत आहे. मोठ्या मोटरींत विजेचा पंप तेलाच्या दाबानें दांडा पुढें सारतो व चालकानें बटण दाबतांच मोटर वर-खालीं होते. या कोनालाच ट्रिम म्हणतात. मोटर फळीकडे आंत घेतली कीं होडीचें नाक खालीं दबतें. निघतांना व लाटांत हें हितकर. बाहेर नेली कीं नाक उचलतें व वेग वाढतो. परंतु मर्यादा ओलांडल्यास नाक आपटूं लागतें, पंखा पाण्याऐवजीं हवा ओढतो, आणि इंजिन गर्जत असूनही होडी पुढें सरत नाहीं. उथळ पाण्यांत मोटर हळूहळू व मंद गतीनें उचलावी; इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचें तोंड मात्र पाण्याखालींच राहिलें पाहिजे.

आतां कोन किती आहे हें चालकास कसें कळावें? मोटर त्याच्या पाठीशीं, पाणी गढूळ, आणि वेळ बहुधा आणीबाणीची. येथें ट्रिम सेन्सर उपयोगी पडतो. कंसाजवळ बसविलेल्या लहान डबीस एक तरफ असते. मोटर हलली कीं तरफ फिरते, आंतील विद्युत्-विरोध कमीअधिक होतो, आणि त्याप्रमाणें चालकापुढील कांटा सरकतो. नव्या प्रकारांत घासणाऱ्या पट्टीऐवजीं लोहचुंबक असतो. भोयाच्या तळहाताचें हरपलेलें काम कांहीं अंशीं तरी ही डबी करते, असें आम्हांस वाटतें.

परंतु खोटी वार्ता देणारा दूत मुक्या दूताहून घातक. म्हणून या डबीची निगा कशी राखावी तें थोडक्यांत सांगतों. गोदावरीचा गाळ बारीक व चिकट. तो तरफेभोंवतीं वाळून बसला कीं तरफ परत येत नाहीं. यास्तव प्रत्येक फेरीनंतर स्वच्छ पाण्यानें तो भाग धुवावा. मोटर उचलून हात घालण्यापूर्वीं इंजिन बंद करावें व मोटर अडकविण्याचा खटका अवश्य लावावा. केवळ तेलाच्या दाबावर विसंबूं नये.

बिघाड शोधतांना क्रम सोडूं नये. मोटर हलते पण कांटा हलत नाहीं, तर दोष बहुधा सेन्सर, तारा किंवा कांटा यांत असतो. पंप उघडण्याचें कारण नाहीं. मोटरच हलत नसेल तर प्रथम बॅटरी, रिले, पंप व तेल पाहावें. दोन्ही हलतात पण मेळ नाहीं, तर मोटर पूर्ण खालीं घेऊन सेन्सरचे स्क्रू सैल करावे, व कांटा तळच्या खुणेवर येईल असा तो सरकवून पुनः आंवळावा. तारा जेथें मोटरीबरोबर वांकतात तेथेंच त्या तुटतात. जोडांवर हिरवा गंज चढतो. जमिनीची तार ढिली पडते. हें सर्व पाहिल्यावांचून सेन्सरास दोष देणें अन्याय होय. शेवटीं तारा सोडवून मल्टीमीटर लावावा व तरफ हातानें सावकाश फिरवावी. आंकडा सलग बदलला तर सेन्सर निर्दोष. मध्येंच उड्या घेतल्या तर पट्टी झिजली असें समजून नवा बसवावा, कारण ही डबी बहुधा दुरुस्त होण्याजोगी नसते. चुंबकाच्या प्रकारास ही कसोटी लागू नाहीं. तेथें व्होल्ट मोजावे लागतात. एका कंपनीचे आंकडे दुसरीच्या मोटरीस लावूं नयेत.

ही सर्व उठाठेव जालन्यास कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर नदीनेंच दिलें आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं तें राष्ट्रास अर्पण केलें. पुढें जोगलादेवी, मंगरूळ, लोणी सावंगी येथें उंच बंधारे झाले. त्यामुळें पूर्वीं जेथें हिवाळ्यांत वाळू उघडी पडे तेथें आतां पाणी थांबतें. आणि धरण भरून दरवाजे उघडावे लागले कीं तेंच पाणी शेतांत शिरतें. २००६ च्या ऑगस्टांत आणि २०२५ च्या सप्टेंबरांत गोदाकांठानें हें पाहिलें. अशा वेळीं मोटरीची होडी नदींत नव्हे, तर शेतांवरून, बांधांवरून, तारेच्या कुंपणांवरून व बाभळींवरून चालवावी लागते. पंख्याखालीं काय आहे तें दिसत नाहीं. तेथें मोटरीचा कोन चार अंगुळें चुकला तर पंखा तुटतो, आणि तुटल्या पंख्याची होडी प्रवाहाच्या हातीं जाते. तींत बसलेली म्हातारी, पोटुशी बाई किंवा तान्हें मूल यांस सेन्सर हा शब्दही ठाऊक नसतो. त्यांचा जीव मात्र त्याच्या खरेपणावर टांगलेला असतो.

म्हणून आमची आपल्या धर्मग्रामांतील तरुणांस विनंति आहे कीं, हातीं हुन्नर असेल तर तें अशा कामीं शिकावें. पूर आल्यावर धांवून जाणें थोर खरेंच. पण कोरड्या दिवसांत, कोणी पाहत नसतांना, यंत्र पुसून, तार तपासून, स्क्रू आंवळून ठेवणें हेंही त्याच परोपकाराचें अर्धें अंग आहे. भोई आपला बांबू रोज पाहून ठेवी, चीर गेली असल्यास तो टाकून देई. साधन बदललें, तो नेम बदलण्याचें कारण नाहीं.