नोंदवहीतला गुन्हेगार



जळगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला खानदेशातलं जळगाव आठवतं. आपल्याला दर वेळी ‘जामोद’ जोडून सांगावं लागतं. आजच्या विषयाची सुरुवात याच घोटाळ्यापासून करतो. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड इथं दंगली झाल्या आणि त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. हिंसाचाराच्या अभ्यासात ‘जळगाव’ हे नाव येतं ते असं. ते जळगाव आपलं नव्हे. मग प्रश्न असा, की आपल्यासारखं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव या अभ्यासात दिसतं तरी कसं? आणि दिसतं तेव्हा ते कुणाच्या डोळ्यांनी दिसतं?

आधी आजच्या अभ्यासकांबद्दल थोडं बोलू. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची यादी तयार केली. काम मोठं जिकिरीचं होतं. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे पंचेचाळीस वर्षांचे अंक चाळून एकेक घटना टिपली. वार्ष्णेयांचं पुस्तक २००२ साली आलं आणि त्यातून निघालेली गोष्ट धक्कादायक होती. दंगलींतले जवळजवळ निम्मे मृत्यू फक्त आठ शहरांत झाले होते, त्यांत आपल्या राज्यातली मुंबई आहे. आणि खेड्यांचा वाटा? चार टक्क्यांपेक्षाही कमी. वार्ष्णेय म्हणतात, जिथं दोन्ही समाजांचे लोक एकाच व्यापारी संघटनेत, एकाच क्लबात, एकाच युनियनमध्ये असतात, तिथं अफवा आली तरी आग लागत नाही. भिवंडीचं उदाहरण ते देतात. १९७० आणि १९८४ ला होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, आणि मुंबई पेटली तेव्हा, म्हणजे १९९२-९३ ला, भिवंडी शांत राहिली. विल्किन्सन यांनी २००४ च्या पुस्तकात वेगळं उत्तर दिलं. राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलीस वेळेवर पोचतात, गरज नसेल तर उशीर होतो. दोन्ही म्हणणी एकाच यादीवरून निघालेली आहेत, हे लक्षात घ्या.

(इथं कुणी तरी विचारतंच की, मग पुढची दंगल कुठं होणार ते सांगता येईल का? आपल्या तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य आणि पानविडा बघून पाऊस, पीक आणि राजाचं भाकीत सांगतात. राज्यशास्त्रवाल्यांनी त्या स्पर्धेत उतरू नये, असं आमचं मत आहे.)

खेड्यांचा वाटा चार टक्के, हे ऐकून बरं वाटतं. पण ती यादी एका प्रकारच्या हिंसेची आहे, दोन धर्मांतल्या दंगलीची. गावकुसाच्या आतबाहेर जे चालतं, त्याचं नाव त्या यादीत येणारच नव्हतं. शिवाय यादीचा आधार वर्तमानपत्र. हे अभ्यासकांनीही लपवलेलं नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की हिंसेचा कुठलाही आकडा आधी कुणीतरी लिहिलेला असतो. लिहिणारा कोण, कशासाठी लिहितो, हे पाहिल्याशिवाय आकडा वाचू नये. आणि आपल्या भागात गुन्ह्याबद्दल पहिल्यांदा पद्धतशीर लिहिलं ते वर्तमानपत्राने नव्हे, सरकारने.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. नाव निजामाचं, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं आपोआप लागू होत नसत, वेगळा हुकूम काढून लावावे लागत. १८७० साली लायल साहेबाचं वऱ्हाडचं गॅझेटियर निघालं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, आणि १९०५ मध्ये आपला तालुका अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला दिला गेला, खामगावसह. ही गोष्ट तुम्हाला कोरडी वाटेल. पण उद्या कुणी विद्यार्थ्याने बुलढाणा जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचा आलेख काढला आणि १९०५ नंतर रेघ वर गेली, तर तो लिहील की जिल्ह्यात चोऱ्या वाढल्या. चोर जागेवरच होते, जिल्ह्याची हद्द सरकली होती!

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १८३६ साली ठगांविरुद्ध कायदा झाला. स्लीमनची मोहीम आपण शाळेत वाचलेली असते. त्या कायद्यातली मेख मात्र शाळेत सांगत नाहीत. ठगांच्या टोळीत असणं, कधीकाळी असलेलं असणं, एवढ्यावर जन्मठेप देता येत होती. अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक खून केला, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. कृत्याऐवजी सामील असणं हा गुन्हा झाला. पस्तीस वर्षांनी, १८७१ मध्ये, हीच युक्ती टोळीवरून अख्ख्या जातीवर आली. त्याला म्हणतात गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. आपली जातिव्यवस्था साहेबाला किती नीट कळली होती, की किती सोयीस्कर कळली होती, ते तुम्ही ठरवा. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं कलमही त्यात होतं. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १८७६ ला बंगालमध्ये गेला, आणि १९११ च्या नव्या कायद्याने देशभर लावायची सोय झाली. बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही त्यातच होती.

आपल्या भागात या चौकटीत सापडले ते पारधी. पारधी म्हणजे शिकारी. फासे लावून तितर-लावे, हरणं धरणारे. त्यांच्यातच टाकणकर. आजच्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. घरोघरचं जातं घासून गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून दातरे काढून देणारे ते टाकणकर. गावात जातं होतं तोवर टाकणकराशिवाय भाकरी नव्हती. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातीजमातींवरच्या ग्रंथात हे टाकणकर पारध्यांची पोटजात म्हणून नोंदले आहेत. पुढं गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली. राखीव जंगलं झाली, शिकार बंद झाली. दोन्ही धंदे संपले आणि फिरणं मात्र राहिलं. फिरणारा माणूस सरकारला नको होता, कारण तो ना सातबाऱ्यावर येतो, ना खानेसुमारीत नीट बसतो.

कायदा कसा चालत होता ते सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथं आहे. नाव नोंदलेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर दाखला घ्यायचा. दाखल्याशिवाय सापडला तर तो गुन्हा. हजेरी चुकली तरी गुन्हा. आता वर्षाच्या शेवटी आकडे काढले की दिसतं, या जमातीतल्या इतक्या लोकांना शिक्षा झाल्या. त्या शिक्षांत चोरीच्या किती आणि हजेरी चुकल्याच्या किती, हे वेगळं काढून कोण बघतो? बायको बाळंत होती म्हणून जो हजेरीला गेला नाही, तो आकड्यात चोराच्या रांगेत उभा राहिला. त्या आकड्यावरून जमात गुन्हेगार असल्याचं पुन्हा सिद्ध झालं आणि हजेरी अधिक कडक केली गेली.

दुसरी बाजूही आहे. गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा बेड्यावर जातात. ज्या घरांची झडती दर वेळी होते, त्या घरांत कधी ना कधी काहीतरी सापडणारच. ज्या वाड्याची झडती कधीच होत नाही, तिथं सापडण्याचा प्रश्नच येत नाही. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा दोष पहिल्या वर्षी शिकवतात. आपल्याकडे तो ऐंशी वर्षं कायदा म्हणून चालला.

शेजारच्या मुंबई प्रांतात तर तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापूरची सर्वांत मोठ्यांपैकी एक. स्टार्ट नावाचे अधिकारी या वसाहतींचं काम बघत. तिथल्या लोकांना गिरणीत कामाला लावत. सुधारणा आणि स्वस्त मजूर, दोन्ही एकाच फाटकातून आत-बाहेर करत होते. त्या भागाला सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने कायदा रद्द करायला सांगितलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. म्हणून या लोकांना विमुक्त म्हणायचं. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं आणि सोळा दिवस झाल्यावर ते मोकळे झाले. पण रिकाम्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्या राज्यातला १९५९ चा आहे. हा कायदा जातीचं नाव घेत नाही, माणसाचं घेतो. कागदावर फरक मोठा आहे. पण ठाण्यातली जुनी नोंदवही आणि तिथल्या माणसांची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नव्हती. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने हे कायदे काढा असं भारताला सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातवार कामं रद्द केली, आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावलं. १८७१ पासून मोजा, एकशे त्रेपन्न वर्षं झाली. आणि टाकणकर? तो शब्द आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत, पारध्यांच्या नोंदीत आहे. म्हणजे दाखल्यासाठी पोरगं तहसिलीत उभं राहतं, तेव्हा त्याच्या पणजोबाला ज्या शब्दाखाली संशयित धरलं, तोच शब्द त्याला कागदाने सिद्ध करावा लागतो. आज या सभागृहात बेड्यावरून आलेली काही मुलं बसली आहेत. त्यांना हे आम्ही सांगायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, हा सगळा पोलिसांचा इतिहास झाला, आपला काय संबंध? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. मंगळवेढ्याकडून आलेले पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जिवे मारलं. मारणारे कुठल्या सरकारचे नोकर नव्हते. त्यांच्या हातात नोंदवही नव्हती. पण फिरणारा अनोळखी माणूस म्हणजे टोळी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

या पाच मृत्यूंना आकड्यात कुठं बसवलं, तेही बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७ च्या अहवालासाठी जमावहत्येची वेगळी माहिती मागवली होती. अहवाल उशिरा, २०१९ मध्ये आला, आणि तो रकाना त्यात नव्हता. आलेली माहिती भरवशाची नाही, असं कारण दिलं गेलं. म्हणजे एका काळी सरकारकडे जातीचा रकाना होता आणि कृत्याचा नव्हता. आता कृत्य डोळ्यांदेखत झालं, त्याची चित्रफीत देशभर फिरली, आणि रकाना नाही. नव्या न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाला वेगळं पोटकलम आहे. ती लागू झाली १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. अफवेवरून परक्याला मारलं तर ते या पोटकलमात बसेल का, यावर वकील भांडतील.

वेळ होत आला. एक विनंती करून थांबतो. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यापूर्वी या तालुक्यात पिढीजात पाटील होते. त्यांच्या घरी जुनी दप्तरं आहेत, माळ्यावर, पेटीत, कसर लागलेली. त्यांत हजेरीचे, दाखल्यांचे कागद असू शकतात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी रद्दीत घालू नयेत. फोटो काढू द्यावेत, मूळ कागद तुमच्याकडेच राहतील. आणि बेड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना हजेरीबद्दल काय आठवतं, काय ऐकलं, ते या मुलांनी लिहून घ्यावं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढच्या व्याख्यानाला आपल्याच तालुक्यावर बोलता येईल.

आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकावरून हात वर आहे, बोला दादा.