लिहून देणार, लिहून घेणार

मराठीत लिहिलेल्या खरेदीच्या दस्तात पहिल्याच पानावर दोन पक्ष उभे असतात: 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. जागा देणारा आणि पैसे देणारा अशी ओळख तिथे नाही. शब्द देणारा आणि शब्द घेणारा अशी आहे. कायद्याच्या मराठीतली ही मला सर्वांत आवडणारी जोडी, कारण घर किंवा जमीन घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तिच्यातच दडलेला आहे. लिहून देणार नेमके कोण? सातबारावर एकाचे नाव असेल, पण जमीन वडिलोपार्जित असेल तर भाऊ, बहिणी, आई यांचे काय? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिने एकतर सही तरी केलेली हवी, नाहीतर हक्कसोडपत्र तरी नोंदवलेले हवे. हा 'हक्क' अरबीतला. तिथे त्याचा अर्थ सत्य असाही होतो. त्याला आपण आपले 'सोड' जोडले आणि मग 'पत्र' लावले.

असे सांधलेले शब्द या कागदांत जागोजागी आहेत. 'साक्षीदार' घ्या. डोळ्यांनी पाहणारा तो संस्कृतातला साक्षी, त्याला फारसी 'दार' लागला. 'दस्तऐवज' मात्र पूर्ण फारसी आहे. दस्त म्हणजे हात, आणि पुढचा भाग लटकणे, धरून राहणे या अर्थाच्या धातूचा. हाताने धरून राहावे असे काही, तो दस्तऐवज. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबारात त्याचा परिणाम झालाही, पण जमिनीच्या कागदांनी आपली जुनी बोली सोडली नाही.

आता कागदाचे नाव पाहू. जुन्या वळणाचा लेखक 'कायम खुशखरेदीखत' किंवा 'कायम फरोक्त खरेदीखत' असे लिहितो. खत म्हणजे अरबीत रेघ, त्यावरून लिखाण. फरोक्त म्हणजे फारसीत विकलेले. 'खूश' इथे आनंदाचा नाही, राजीखुशीचा आहे. कोणाच्या दडपणाखाली विकत नाही, असे लिहून देणार त्या एका शब्दात कबूल करतो. आणि 'कायम' का? विक्री ती विक्री, ती आणखी कायम कशी असायची? उत्तर 'मुदतखरेदी' या शब्दात आहे. सावकाराकडून रक्कम घ्यायची, कागद विक्रीचा करायचा आणि ठरलेल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, अशी ती रीत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सशर्त विक्रीचे गहाण म्हणून तिला जागा आहे. कितीतरी कुटुंबांच्या जमिनी या मुदतीत बुडाल्या. म्हणून जुन्या फेरफारात 'मुदतखरेदी' दिसली तर तिथे थांबावे आणि तो व्यवहार पुढे कसा मिटला याचा कागद मागावा.

'गहाण' हा संस्कृत ग्रहणाचा वंशज. चंद्रसूर्यांना लागते ते ग्रहण आणि जमिनीला लागते ते गहाण, दोन्हींचे मूळ पकडणे. सातबारावर ते 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा म्हणून बसलेले असते. कर्ज फिटले असे तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात. बोजा कमी केल्याची फेरफार नोंद दिसेपर्यंत ते फिटलेले समजू नये.

'साठेखत' या शब्दाने मात्र लोकांचे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. यातला साठे हा साठवण्यातला नाही. मूळ 'साटे', म्हणजे ठरलेला सौदा. साटेलोटे त्याच घरचे. म्हणजे साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार. त्याच 1882 च्या कायद्याचे कलम 54 स्पष्ट सांगते की अशा कराराने मिळकतीत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. तरी 'खत' या शेपटाने फसून माणसे वर्षानुवर्षे साठेखतावर निर्धास्त बसतात. कुलमुखत्यारपत्राचेही तसेच. मुखत्यार म्हणजे निवडलेला, अखत्यारीचा भाऊ. कुल म्हणजे सगळे. सगळ्या कामांसाठी निवडलेला माणूस तो, मालक नव्हे. अशा पत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निर्विवाद सांगितले आहे.

दस्तात मिळकतीच्या वर्णनात चतुःसीमा येतात आणि मग ती सुंदर ओळ येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. मराठेशाहीच्या इनामपत्रांत ती आहे, त्याआधीच्या दानपत्रांतही तिची भावंडे आहेत. निधी म्हणजे पुरलेले धन, निक्षेप म्हणजे ठेव. आज जमिनीत धन सापडले तर 1878 चा कायदा लागतो. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सरकारला कळवावी लागते, दस्तात काहीही लिहिलेले असो. विहिरीतल्या पाण्याचा वाटा आणि बांधावरचे झाड यांवरून मात्र आजही दावे चालतात. तेव्हा जल आणि तरू हे शब्द वाचून सोडू नयेत. विहीर सामाईक आहे का, बांध कोणाचा, जायला वहिवाटीचा रस्ता आहे का, हे जागेवर उभे राहून विचारावे.

हे सगळे वाचून देणारा तो वकील. अरबीत ज्याच्यावर काम सोपवले तो वकील. पेशवाईत दिल्ली दरबारी असलेले हिंगणे त्या अर्थाने वकील होते. त्याच्याकडे जाणारा पक्षकार मराठीत 'अशील', आणि अशील म्हणजे मूळ, मुख्य. 'अस्सल' त्याच कुळातला. या दोन शब्दांत कोण कोणाचा, हे ठरलेले आहे. म्हणून बिल्डरने किंवा एजंटाने सुचवलेला, विकणाऱ्याचेही काम पाहणारा वकील आपला वकील होत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासून देत नाही. ती तपासणी आपल्या वकिलाचीच. त्याने सूची क्रमांक दोनची साधारण तीस वर्षांची नोंद पाहावी, मूळ दस्त स्वतः हाताळावेत आणि शोध अहवाल स्वतःच्या सहीने लेखी द्यावा. फी किती आणि तिच्यात काय काय येते, हे आधी विचारण्यात संकोच कसला?

मुंबई-पुण्यात आता बहुतेक करार इंग्रजीत येतात आणि घर घेणारा चाळीस पानांवर न वाचता सह्या करतो. असे करू नका. दस्त नोंदणीला जाण्याच्या आठवडाभर आधी मसुदा मागून घ्या, वकिलासमोर बसा आणि कळला नाही त्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीत सांगा म्हणा. जो कंटाळेल, त्याला तुमचे काम देऊ नका.